बांध आपला, जबाबदारीही आपलीच



रोहिण्या सरत आल्या आणि मृग तोंडावर आला की आपली धावपळ सुरू होते. बियाणे-खताची तजवीज, औतफाट्याची दुरुस्ती, घराचे शाकारणे, चाऱ्याची गंज झाकणे, एक ना दोन! या गर्दीत शिवारातली एक गोष्ट मात्र दरसाल मागे पडते. ती म्हणजे ओढ्या-नाल्यावर आपण पदरमोड करून घातलेला मातीचा बांध किंवा शेततळ्याभोवतीचा भराव. पाणी अडवले, विहिरीला पाझर लागला, ऊस नाही तर डाळिंब उभे राहिले की बांध आपल्या जागी आहे असे आपण धरून चालतो. पण मातीचा बांध दरवर्षी थोडा बसतो, थोडा झिजतो, कोणी तरी त्याला पोखरते. घराची भिंत पडायला आली तर आपल्याला उठता-बसता दिसते. बांध राहतो शिवाराच्या टोकाला, तिकडे लक्ष जात नाही.

सरकारी धरणावर अभियंता असतो, चौकीदार असतो, पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी होते. २०२१ साली धरण सुरक्षा कायदाही झाला. पण तो मुख्यतः १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि १० ते १५ मीटर उंचीच्या, काही ठराविक अटींत बसणाऱ्या धरणांना लागू आहे. आपला ३-४ मीटर उंचीचा खाजगी बांध त्यात बसत नाही. त्याची पाहणी करायला कोणी येणार नाही. मालक, चौकीदार आणि तपासनीस हे तिन्ही आपणच. म्हणून आजचे सदर या विषयाला दिले आहे.

पाण्याचे वजन किती?

आधी एक साधा हिशेब करू. समजा, आपल्या बांधामागे एक एकरभर पाणी पसरले आहे आणि त्याची सरासरी खोली दीड मीटर आहे. ते झाले सुमारे ६,००० घनमीटर, म्हणजे ६० लाख लिटर. एक घनमीटर पाण्याचे वजन १ टन. म्हणजे १० टनी ६०० मालमोटारी भरतील एवढे ओझे आपण मातीच्या एका भिंतीला टेकवून ठेवले आहे. नेहमीचे ३० बाय ३० मीटरचे, ३ मीटर खोल आणि एकास एक उताराचे शेततळे घ्या. त्यातही सुमारे २,२०० टन पाणी मावते. ते सगळे जमिनीच्या पोटात असेल तर धोका कमी. पण उकरलेल्या मातीचा भराव करून पाणी जमिनीच्या वर चढवले असेल, तर तेवढा भाग धरणच समजावा.

मातीचा लहान बांध बहुतेक वेळा दोन तऱ्हांनी फुटतो. एक, पाणी माथ्यावरून वाहते आणि बाहेरचा उतार खरवडून नेते. दोन, पाणी आतून वाट काढते आणि माती कणाकणाने वाहून नेत पोकळी करते. पहिल्यावर उपाय सांडवा, दुसऱ्यावर उपाय बारीक नजर.

सांडवा म्हणजे बांधाचा श्वास

मातीच्या बांधावरून पाणी जाणे म्हणजे त्याचा अंतच. दगडी बंधाऱ्यावरून पाणी उडी मारून जाते आणि बंधारा उभा राहतो. मातीचे तसे नाही. म्हणून जास्तीचे पाणी बाजूच्या पक्क्या जमिनीवरून सुखरूप जाईल असा सांडवा हवाच.

तो किती रुंद हवा? पाणलोट १०० एकर, म्हणजे ४० हेक्टर धरू. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर त्या क्षेत्रावर २०,००० घनमीटर पाणी पडते. त्यातले निम्मे वाहून आले तरी १०,००० घनमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे २,८०० लिटर! तळे आधीच भरलेले असेल तर हे सगळे पाणी सांडव्यातून गेले पाहिजे. सांडव्यावरून अर्धा मीटर खोल पाणी वाहू द्यायचे असेल तर रुंदी सुमारे ५ मीटर लागते. फूटभरच खोल वाहू द्यायचे असेल तर १० मीटर लागते. आणि त्या पाण्याच्याही वर माथा किमान अर्धा मीटर कोरडा राहिला पाहिजे. म्हणजे सांडव्याच्या उंबऱ्यापासून बांधाचा माथा १ मीटर तरी उंच हवा. तासाला १०० मिलिमीटरचा पाऊस आला तर पाणी दुप्पट. हे उदाहरण समजुतीपुरते आहे. कोकणपट्टी, घाटमाथा आणि अवर्षणग्रस्त भाग यांचे आकडे वेगळे, जमिनीचा उतारही वेगळा. आपला हिशेब मृद व जलसंधारण खात्याच्या किंवा कृषी खात्याच्या जाणकाराकडून करून घ्यावा.

सांडव्याच्या बाबतीत आपल्याकडे तीन खोडी सर्रास दिसतात. पहिली, भाद्रपद उलटला की 'आणखी फूटभर पाणी राहील' म्हणून सांडव्यात वाळूची पोती किंवा दगडमाती भरायची. मग हस्ताचा पाऊस एका रात्रीत कोसळतो आणि पाण्याला जायला वाट राहत नाही. दुसरी, मासे सोडले की ते वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला आडवी जाळी बांधायची. पुरात पालापाचोळा, काटक्या, तुराट्या येऊन त्या जाळीवर बसतात आणि जाळीची भिंत होते. तिसरी, सांडव्यात कडबा रचायचा, नाही तर बाभळी वाढू द्यायच्या.

जाळीची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात साउथ फोर्क नावाचे एक मातीचे धरण होते. मुळात ते सरकारने कालव्यासाठी बांधले होते. पुढे ते विकले गेले आणि हात बदलत बदलत पिट्सबर्गच्या धनिकांच्या एका क्लबाकडे आले. तळाचे पाणी सोडण्याचे लोखंडी नळ मधल्या एका मालकाने काढून विकले होते. ते पुन्हा बसवले गेले नाहीत. घोडागाड्या नीट जाव्यात म्हणून माथा उतरवला. मासे पळू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ रोजी मुसळधार पावसात पाणी माथ्यावरून गेले, धरण फुटले आणि खालचे जॉन्सटाउन शहर वाहून गेले. २,२०९ माणसे दगावली. आपले तळे त्या मानाने थेंबभर आहे हे खरे. पण माथा खाली, सांडवा तुंबलेला आणि तळाची वाट बंद, हे तिन्ही दोष आपल्या शिवारातल्या बांधांवरही बघायला मिळतात.

म्हणून जाळी लावायचीच असेल तर ती सांडव्याच्या तोंडाशी न लावता तळ्यात बरीच आत, पुष्कळ लांबीची आणि कललेली लावावी. मोठ्या पावसाचा अंदाज असला की ती सरळ काढून ठेवावी. चार मासे गेले तर जाऊ द्यावेत.

माथाही पाहावा. बांध त्याच्या सर्वांत सखल जागेइतकाच उंच असतो. गुराढोरांची पायवाट किंवा गाडीवाट माथ्यावरून गेली असेल तर तिथे हमखास खोलगट झालेले असते. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन दोघांनी माथ्यावर टोकापासून टोकापर्यंत जावे. कुठे किती बसले आहे ते तासाभरात समजते. खोलगट जागा मुरूम-माती भरून, धुमसाने चोपून वर घ्यावी. मध्यभाग टोकांपेक्षा किंचित उंचच असावा.

पाझर निर्मळ की गढूळ?

मातीचा बांध थोडा तरी पाझरतोच. पाझर दिसला की घाबरू नये, आणि 'हे नेहमीचेच' म्हणून सोडूनही देऊ नये. पाहायच्या गोष्टी दोन: पाणी निर्मळ आहे की गढूळ, आणि ते वाढते आहे की स्थिर आहे.

निर्मळ आणि वर्षानुवर्षे तेवढेच येणारे पाणी म्हणजे बांध घाम गाळतो आहे. गढूळ पाणी म्हणजे त्याच्या पोटातली माती बाहेर येते आहे. पायथ्याशी पाणी उकळल्यासारखे बुडबुडते आणि भोवती बारीक मातीचे किंवा रेतीचे कडे जमते, ही फार वाईट खूण. ऐन उन्हाळ्यात सगळे शिवार करपलेले असताना बांधाच्या बाहेरच्या उतारावर एकाच पट्ट्यात हिरवेगार गवत दिसले, तर तिथेही पाणी वर चढले आहे असे समजावे. माथ्यावर अचानक खळगा पडला किंवा तळ्याच्या पाण्यात भोवरा दिसला, तर वेळ थोडा उरला आहे.

मोजण्याची रीत सोपी आहे. पाझर एका चरातून एके जागी आणावा, १० लिटरची बादली लावावी आणि ती किती सेकंदांत भरते ते घड्याळ लावून पाहावे. तळ्यात एक खांब रोवून त्यावर फुटाच्या खुणा रंगवाव्यात. पाण्याची पातळी तीच असताना गेल्या वर्षी बादली ४० सेकंदांत भरत होती आणि यंदा २० सेकंदांत भरते, तर पाझर दुप्पट झाला. मग जाणकाराला बोलावण्यात दिवस घालवू नये.

येथे भगिनींना मुद्दाम सांगणे आहे. पायथ्याच्या ओहोळावर धुणे धुवायला आणि जनावरांना पाणी पाजायला आपण रोज जाता. ओहोळ काल होता त्याहून आज मोठा आहे, कालचे नितळ पाणी आज चहासारखे आहे, हे घरात सर्वांत आधी आपल्यालाच कळते. ते त्याच दिवशी घरात सांगावे, आणि घरातल्यांनी ते मनावर घ्यावे.

आता उपाय. पाझर दिसला की आपला पहिला विचार असतो, बाहेरून काळी माती थापून भोक बुजवून टाकावे. असे कधीही करू नये! आत दाबाखाली असलेले पाणी थांबत नाही. ते दुसरीकडून फुटते, नाही तर आतल्या आत बांध फुगवून उतार घसरवते. बाहेरच्या बाजूला पाण्याला वाट द्यायची आणि माती तेवढी अडवायची. ओल्या जागेवर आधी स्वच्छ जाडसर वाळूचा थर, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठी खडी आणि वर दगड, अशी गाळणी रचावी. पाणी निघून जाते, माती मागे राहते, आणि दगडांचे वजन पायथ्याला आधार देते. पाणी अडवायचे काम आतल्या बाजूला करायचे असते. तेही तळे उतरल्यावर, चिकण माती थराथराने दाबून.

भेगा, मुळ्या आणि बिळे

काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. माथ्यावर लांबीच्या दिशेने गेलेली भेग उतार घसरू लागल्याचीही असू शकते. पण आडवी, म्हणजे तळ्याकडून बाहेरच्या बाजूला गेलेली भेग अधिक वाईट. ती पाण्याला आयती वाट आहे. भेगेवर वरवर माती ओढून भागत नाही. भेग संपेपर्यंत चर खोदावा आणि ओलसर मातीचे अर्ध्या अर्ध्या फुटाचे थर देऊन धुमसाने चोपत भरावा. ओल किती हवी? माती मुठीत दाबली की लाडू वळला पाहिजे आणि तळहाताला चिखल लागता कामा नये.

बांधावर झाडे नकोत. बाभूळ, सुबाभूळ, निलगिरी, लिंब, कोणतेही नको. जिवंत मूळ पाणी शोधत आत जाते, आणि झाड मेले की मूळ कुजून तिथे नळी तयार होते. वाऱ्याने झाड उन्मळले तर बांधाचा लचकाच जातो. रोपटे असेल तोवर उपटून टाकावे. मोठे झाड झाले असेल तर पावसाळ्यात हात लावू नये. उन्हाळ्यात तळे खाली असताना बुंधा आणि जाड मुळ्या खणून काढाव्यात आणि तो खड्डा वर सांगितल्याप्रमाणे थराथराने भरावा. उतारावर गवत मात्र हवे. जिच्याशी आपण जन्मभर शेतात भांडतो ती हरळी बांधावर मोलाची. तिच्या मुळ्या माती धरून ठेवतात. मारवेल किंवा पवनाही चालतो. गवत कापून न्यावे, जनावरे चढवू नयेत. आणि ते फार उंच वाढू देऊ नये, नाही तर बिळे दिसत नाहीत.

घुशी, उंदीर, खेकडे, साळिंदर आणि वाळवीची वारुळे हे सगळे बांध पोखरतात. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातल्या चिपळूण तालुक्यात तिवरे धरण फुटले आणि वीसच्या आसपास माणसे गेली, तेव्हा खेकड्यांचे नाव पुढे आले आणि त्यावर पुष्कळ थट्टाही झाली. ते धरण सरकारी होते आणि ते गळते आहे अशी गावकऱ्यांची तक्रार आधीपासून होती. आपण एवढेच ध्यानात घ्यावे की खेकडा बीळ करतो ते एका रात्रीत मोठे होत नाही. ते दिसायला आणि बुजवायला महिने मिळतात. बीळ टोकापर्यंत उकरावे आणि ओलसर माती चोपून भरावी. नुसता दगड कोंबू नये.

आणखी दोन गोष्टी. मोटारीची पाइपलाइन बांध खोदून त्यातून नेऊ नये. पाइपाच्या बाहेरच्या अंगाने पाणी हमखास वाट काढते. पाइप माथ्यावरून न्यावा. आणि गाळ काढताना यंत्र बांधाच्या पायथ्यापर्यंत आणू नये. गाळाचे मोल आपण जाणतो, पण बांधालगत खोल खड्डा झाला की उताराचा पाय कापला जातो आणि तळ राखणारा चिकण थरही निघून जातो. गाळ तळ्याच्या मधून आणि वरच्या अंगाने काढावा.

नवा भराव आणि पहिले पाणी

नुकताच घातलेला किंवा मोठी दुरुस्ती केलेला बांध पहिल्याच पावसाळ्यात काठोकाठ भरू देऊ नये. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, त्याच्या पाण्याने खडकवासला फोडले आणि पुणे बुडाले, हे जुन्या मंडळींना सांगायला नको. तिथे बांधकाम पुरे होण्याआधीच पाणी साठले होते. आपल्या बांधालाही पहिल्या वर्षी सांडवा खाली ठेवून निम्मेच पाणी घ्यावे, पायथा रोज पाहावा आणि भराव बसला की पुढच्या वर्षी पातळी वाढवावी. तळे रिकामे करतानाही घाई नको. पाणी झपाट्याने उतरवले तर आतला ओला उतार आधार सुटून घसरतो. दिवसाला फूटभर, त्याहून अधिक नको. बांध फुटण्याचीच भीती असेल तेव्हा मात्र हा नियम बाजूला ठेवून पाणी उतरवावे.

बांधाखाली कोण राहते?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आपले घर बहुधा गावात, उंचावर असते. बांधाच्या खाली, नाल्याच्या काठाला असते सालगड्याची खोली, वाटेकऱ्याचे छप्पर, जनावरांचा गोठा, नाही तर शेजाऱ्याची विहीर आणि उभे पीक. पाणी जवळ, जागा थंड, म्हणून आपणच ती जागा त्यांना दिलेली असते. बांध फुटला तर आपले पाणी जाते, त्यांचे सर्वस्व जाते. म्हणून एकदा नाल्यानाल्याने अर्धा कोस चालत जावे आणि कोण कुठे आहे ते मोजावे. नाल्याच्या पात्राला लागून असलेली खोली हलवून उंचावर बांधून द्यावी. बांधाच्या दुरुस्तीतले ते पहिले काम समजावे.

कायदाही हेच विचारतो. इंग्लंडमध्ये एका गिरणीमालकाच्या तळ्याचे पाणी शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरले. १८६८ साली निकाल झाला की असे धोक्याचे पाणी जो आपल्या जमिनीत साठवतो, त्याने ते आपल्या जोखमीवर साठवावे. पुढे १८७४ साली मद्रास इलाख्यातल्या एका जमीनदाराचे तलाव फुटून रेल्वेचे नुकसान झाले, तेव्हा प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की या देशात तलावांवाचून शेती नाही, ते राखणे हे जमीनदाराचे कर्तव्यच. तेव्हा त्याने हयगय केली असेल तरच तो जबाबदार. आपल्या बांधाला नेमके काय लागू पडेल ते वकील सांगेल. पण 'काळजी घेतली होती का?' हा प्रश्न चुकत नाही. म्हणून शंभर पानी वही घालावी. पाहणीची तारीख, पाण्याची पातळी, बादली भरायला लागलेले सेकंद, बुजवलेली बिळे, केलेला खर्च, सगळे तिच्यात लिहावे. मुलगा किंवा सून शिकलेली आहे, हे काम त्यांच्याकडे द्यावे. मोबाइलवर दरवेळी त्याच जागेवरून फोटोही काढावा.

धोक्याच्या घडीला

गढूळ पाण्याची धार वाढली, माथा खचला किंवा पाणी माथ्याला टेकू लागले, तर क्रम असा ठेवावा. आधी खालची माणसे हलवावीत, मग जनावरे, मग बांध. पोलीस पाटील, ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालय यांना कळवावे. ११२ क्रमांकावर फोन करावा. रात्र असली तर उजाडायची वाट पाहू नये. पंप, सायफन, तळाचा नळ, जे असेल त्याने पाणी उतरवावे. सांडवा मोकळा करावा. रुंद करायचा तर पक्क्या जमिनीच्या बाजूने करावा, भरावाच्या बाजूने कुदळ मारू नये. माथ्याच्या सखल जागेवर पोती रचावीत, पण पाणी वरून वाहू लागले की कोणालाही माथ्यावर उभे राहू देऊ नये. तिथून माणूस परत येत नाही.

शेततळ्याच्या मालकांना एक जादा सूचना. प्लास्टिकच्या कागदावर पाय ठरत नाही. आत पडलेले मूल, पोहता येत असले तरी, बाहेर येऊ शकत नाही. चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडलेले असावेत, हवा भरलेली ट्यूब टांगलेली असावी, आणि कुंपणाला कुलूप असावे.

यासाठी फार पैसा लागत नाही. वर्षातून चार फेऱ्या घालाव्यात: एक मृगाआधी, एक पहिल्या मोठ्या पावसानंतर, एक हस्त संपल्यावर आणि एक ऐन उन्हाळ्यात तळ उघडा पडल्यावर. शिवाय प्रत्येक जोराच्या पावसात एक चक्कर. फावडे, घमेले, धुमस आणि वही बरोबर असावी. या आठवड्यात पेरणीच्या गडबडीतून एक सकाळ काढा, घरातल्या दोघा-तिघांना घेऊन बांधावर जा, आणि आधी सांडवा मोकळा आहे का ते पाहा. जाळी, पोती, बाभळी जे आडवे असेल ते त्याच दिवशी काढून टाका.